ओट्सची एकादशी

दुपारी तीनच्या सुमारास दुकानात शुकशुकाट असतो, म्हणून मी वाणसामानाला तेव्हाच जाते. परवा ओट्सच्या फळीसमोर एक आजोबा उभे होते. चष्मा कपाळावर सरकवलेला, हातातलं चॉकलेट ओट्सचं पाकीट नाकाला टेकेल इतकं जवळ. पाकिटाच्या पुढच्या बाजूला लाल बदाम आणि चमच्यावरून ओघळणारं चॉकलेट, मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं. आजोबा ती पुटपुटत वाचत होते. "ओट्स... साखर..." साखरेपाशी थांबले. जो घटक जास्त त्याचं नाव यादीत आधी, हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझी नजर भेटली, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "हार्टला चांगले असतात हो."

"हो ना, फायबर असतं," मी म्हटलं.

दोन पाकिटं टोपलीत टाकून आजोबा ताठ मानेने बिलाच्या रांगेत गेले.

आपल्याकडे गोड खायला निमित्त लागतं. बारसं, निकाल, जावईबापू, सत्यनारायण. नुसतं मन झालं म्हणून सकाळी आठ वाजता कुणी शिरा करून खाल्ला, तर घरातलं एक तरी माणूस विचारणारच, "आज काय विशेष?" आणि विशेष काहीच सापडलं नाही, तर उपास आहेच. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून आपण हसतो, पण मला त्या दुपटीबद्दल मनापासून आदर आहे. आमच्याकडे आषाढीला सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, गुळातल्या रताळ्याच्या काचऱ्या, संध्याकाळी राजगिऱ्याची वडी. या सगळ्याची सूत्रधार आत्या. तिचा उपास घरात सगळ्यांत कडक आणि तिचं ताटही सगळ्यांत भरलेलं. "पोटभर खा गं, आज उपास आहे," हे वाक्य ती इतक्या गंभीरपणे म्हणायची, की त्यात काही चुकतंय असं आम्हा मुलांना कधी वाटलंच नाही.

याच आत्याने आम्हाला नाचणी खायला लावली. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात आजी नाचणी भिजवून फडक्यात बांधून ठेवायची. पांढरे, दोऱ्यासारखे मोड फडक्यातून बाहेर डोकावायला लागले, की ती सुकवायची, भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. ते सत्त्व दुधात शिजलं की त्याला जो रंग येतो, तो लहान मुलाला आवडावा असा नसतो. मी तोंड फिरवायचे. मग एका मे महिन्यात आत्या वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "ही नाचणी नाहीच मुळी. चॉकलेटची खीर आहे. पीठ मुंबईहून आणलंय." धाकट्या भावाने लगेच वाटी ओढली. मी शंका काढली, चॉकलेटला वेलचीचा वास कसा?

"मुंबईच्या चॉकलेटला येतो," आत्या म्हणाली, आणि वरून तुपाची धार सोडली.

माझा विश्वास बसला नव्हता. पण बसल्यासारखं केलं, कारण तसं केल्यावर खीर खरोखरच चांगली लागत होती. आता मी सकाळी चॉकलेट ओट्स ढवळत असते आणि शेजारच्या काकू दारातून डोकावून "सत्त्व करतेस वाटतं? छान, छान," म्हणतात, तेव्हा मी "हो" म्हणते. हिशेब बरोबर झाला.

ओट्स आमच्या घरात शिरले ते मात्र बाबांच्या रिपोर्टामागून. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं आणि मिसळीच्या जागी ही पांढरट पोह्यांसारखी वस्तू आली. ओट्समध्ये बीटा ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पोटात बुळबुळीत होतो, पित्ताम्लं धरून बाहेर नेतो, आणि नवी पित्ताम्लं बनवायला यकृताला रक्तातलंच कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेला तर फरक पडतो, असं धरून १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने पाकिटांवर हृदयाचा दावा छापायला परवानगी दिली. वाडगाभर ओट्समध्ये, म्हणजे कोरड्या ४० ग्रॅममध्ये, त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतो. बाबांनी हे सगळं समजून घेतलं आणि ओट्सला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली. रोज पहिला घास घेतला की मोठ्याने म्हणायचे, "उपमाच आहे हा." आम्ही कुणी काही बोलायचो नाही.

एकदा घाटावरचे काका आले होते. त्यांनी डबा उघडून चिमूटभर हातावर घेतले, चोळले, वास घेतला. "दादा, अहो हे ओट! आम्ही रब्बीला पेरतो. केंट म्हणून वाण आहे, म्हशींना हिरवा चारा घालतो." डॉक्टर जॉन्सनने १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशात लिहून ठेवलं होतं, की हे धान्य इंग्लंडात बहुधा घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसांना पोसतं. काकांनी जॉन्सन वाचण्याचा संभव नव्हता, पण सूर तोच. बाबा शांतपणे म्हणाले, "तरीच तुमच्या म्हशींना हार्टचा त्रास नाही."

बाबांचा खारा पंथ मला मानवला नाही. मी कोकोकडे वळले, आणि एकदा वळल्यावर माझ्या अटी वाढत गेल्या. दोन मिनिटांत होणारे भुगाभुगा ओट्स नकोत, त्यांची खळ होते. जाड चपटे हवेत, शिजल्यावर दाताखाली कळले पाहिजेत. दूध अर्धं, पाणी अर्धं. केळं वेलची, सालीवर काळे ठिपके पडलेलं, आणि ते वरून चकत्या कापून लावायचं नाही. सुरुवातीलाच कुस्करून पातेल्यात टाकायचं. मग ते दिसेनासं होतं आणि गोडी तेवढी मागे ठेवतं. मिठाची चिमूट विसरायची नाही. मीठ नसलं तर कोको नुसता कडू लागतो, चॉकलेट लागत नाही. गूळ घालायचाच तर गॅस बंद करून, वाफ निवल्यावर. उकळत्या दुधात टाकला की दूध फाटण्याची भीती.

आणि कोको. तो थेट पातेल्यात टाकणारी माणसं मला बघवत नाहीत. कोकोच्या भुकटीत स्निग्धांश असतो, त्यामुळे ती दुधावर तरंगत राहते, बाहेरून ओली, आतून कोरडी, आणि तिच्या गोळ्या चमच्याला चुकवत पळतात. १८२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन घराण्याने कोकोच्या लगद्यातलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, म्हणून तर आपल्याला ही भुकटी मिळाली. त्याआधीच्या चॉकलेटच्या पेयावर तुपाचा तवंग यायचा म्हणे. पण दाबूनही सगळं लोणी निघत नाही. तेव्हा वाटीत एक मोठा चमचा कोको, त्यावर दोन चमचे गरम दूध, आणि चमच्याच्या पाठीने रगडायचं. आधी माती दिसते. मग चिखल. मग एका क्षणी अचानक चकाकी येते, वाटीच्या कडेला गर्द, लालसर तपकिरी लेप चढतो आणि वास स्वयंपाकघराबाहेर जातो. तो लेप पातेल्यात गेला की वरून काळ्या चॉकलेटचा एक तुकडा ठेवून झाकण घालायचं. झाकण काढल्यावर तुकडा जागच्या जागी चौकोनीच दिसतो, चमचा लागला की मात्र त्याचं तळं होतं.

हा तुकडा पौष्टिक आहे का? पाकिटावर सत्तर टक्के लिहिलंय. उरलेले तीस कशाचे, ते मी त्या आजोबांसारखीच नाकाजवळ धरून वाचते.

कॅल्शियम बघायला गेलं तर या वाडग्यापेक्षा आजीचं सत्त्व कितीतरी सरस. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम, ओट्स तिच्या जवळपासही नाहीत. हे मला माहीत आहे आणि तरी मी ओट्सच करते. नाचणी आता 'सुपरफूड' होऊन चकचकीत पाकिटात आली आहे, तिच्यातही लोक कोको घालतात. म्हणजे आत्या काळाच्या पुढे होती, फक्त कोको घालायची राहून गेली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. ऐंशी उलटली, कान थोडे गेलेत, अधिकार तसाच. बोलता बोलता मी विचारलं, "आत्या, एकादशीला ओट्स चालतात का गं?"

"धान्य ते. नाही चालत."

"आणि कोको?"

फोनवर थोडा वेळ विचार चालल्याचं ऐकू आलं. मी आपली बाजू मांडली. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, एवढंच काय राजगिरासुद्धा, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज येण्याआधीच्या एकादशीला लोक खात काय होते, देव जाणे. कोकोही तिकडचाच. मग त्यानेच काय घोडं मारलंय?

"एवढं लांबण कशाला लावतेस," आत्या म्हणाली. "चहा चालतो ना? मग तेही चालेल. राजगिऱ्याच्या लाह्या घे, दुधात घाल, वर तुझं ते कोको."

"साखर बेतानेच घालते."

"का? उपासाच्या दिवशी कसली काटकसर!"