पायातून चप्पल निसटते तेव्हा

दुर्बिणीतून गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी काढल्या की सगळ्यांचं लक्ष पोटाच्या टाक्यांकडे असतं. एक पाय बधिर वाटतोय असं बाई म्हणाली, तर घरचे समजूत घालतात, “भूल उतरायची असेल अजून.” पण पूर्ण भूल काही एकाच पायात मागे राहत नाही. दुसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल तर नस, म्हणजे मज्जातंतू, तपासायला हवी.

ऑपरेशनच्या टेबलावर पाय स्टिरपमध्ये, म्हणजे पाय टेकवायच्या आधारात, वर असतात, डोकं खाली. गाठी मोठ्या असल्या तर तीन-चार तास तसंच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचं टेंगूळ हाताला लागतं. त्याच्या लगेच खाली पेरोनियल नस अगदी कातडीलगत वळते. पायाखालची गादी सरकून स्टिरपची कड तिथे रुतत राहिली, की पाऊल वर उचलत नाही. मग ठाणे स्टेशनचा जिना चढताना अंगठा पायरीला ठेचकाळतो, चप्पल निसटते, आणि दोष आधी चपलेला मिळतो.

मांडी पोटाकडे फार दुमडली असेल तर जांघेतली फिमोरल नस चिमटते. तेव्हा पाऊल ठीक असतं, पण जिना उतरताना गुडघा अचानक मुडपतो. पोटावरच्या कडेच्या छिद्रापासून जांघेकडे आग होत असेल तर ती तिसरीच नस. खांदा दुखतो तो मात्र पोटात भरलेल्या गॅसमुळे. दोन-तीन दिवसांत थांबतो.

अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने गाठ जाळतात तेव्हा छेद नसतो, तरी नसेला धोका असतोच. लहरी गाठीपलीकडे पाठीमागच्या हाडापर्यंत पोचतात, हाड तापतं आणि शेजारच्या नसांना चटका बसतो. म्हणूनच पेशंटला पूर्ण भूल न देता बोलतं ठेवतात. कुल्ल्यातून पायात कळ गेली की त्याच क्षणी सांगायचं. ‘घेते सहन करून’ हा आपल्याकडचा बाणा इथे महागात पडतो.

नुसती दबलेली नस बहुधा काही आठवडे ते ३ महिन्यांत सावरते. आतला तंतू तुटला असेल तर वाढ दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. ईएमजी, म्हणजे नस-स्नायूंची विद्युत तपासणी, साधारण ३ आठवड्यांनी करावी, त्याआधी चित्र अर्धवटच दिसतं. तोवर पाऊल लोंबत असेल तर आधाराची पट्टी (स्प्लिंट), घोट्याला ताण देणारे व्यायाम रोज, आणि स्लिपरऐवजी मागून पट्टा असलेली सँडल. बधिर कातडीवर गरम पाण्याची पिशवी नको. भाजलेलं कळतच नाही.

लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पोटरी सुजून दगडासारखी टणक झाली, तर सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा.