लाव्हा पाण्यात पडला की स्फोट होतोच असं नाही

हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीचे २०१८ चे व्हिडिओ परत बघत बसलो होतो. ११०० डिग्रीच्या वर तापलेला लाव्हा, समोर अख्खा पॅसिफिक, आणि जूनच्या सुरुवातीपासून तो आठवडेच्या आठवडे सरळ समुद्रात ओततोय. बहुतेक वेळ काय, तर नुसती वाफ. म्हणजे तीही साधी वाफ नव्हे, समुद्राच्या मिठामुळे त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि काचेचे बारीक कणही, त्यामुळे तो पांढरा ढग फोटोत कितीही भारी दिसला तरी त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं काम नाही. आणि मग १६ जुलैला सकाळी टुरिस्ट घेऊन गेलेल्या एका बोटीजवळ धाडकन स्फोट, लाव्हाचे गोळे उडाले, एक तर बोटीचं छप्पर फोडून आत आला, २३ जण जखमी!

लाव्हा तोच, समुद्र तोच, मग त्याच दिवशी का?

सगळा खेळ वाफेच्या एका पातळ थराचा आहे. कडकडीत तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब लगेच आटत नाहीत, टणाटण नाचत पळतात, कारण थेंबाखाली वाफ तयार होते आणि ती उष्णता अडवून धरते, हे लायडनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्येच लिहून ठेवलंय. लाव्हाभोवतीही असाच थर असतो आणि तो आहे तोवर सगळं शांत. पण कसला तरी धक्का बसला, लाटेने पाणी घुसळलं किंवा पाणी लाव्हाच्या आतच कोंडलं गेलं की थर मोडतो, पाणी थेट वितळलेल्या दगडाला भिडतं, त्या दणक्याने लाव्हाचे तुकडे होतात, तुकडे झाले की पाण्याला लागणारी जागा वाढते, मग अजून वाफ, अजून बारीक तुकडे, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण १६०० पट जागा लागते. जळत काहीच नाही, दारूगोळा नाही, फक्त उष्णता फार पटकन दिली गेली एवढंच.

कोल्हापूरकडे फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ओलं भंगार किंवा दोन्ही तोंडं बंद असलेला पाईप भट्टीत टाकायचा नाही, लेडल (वितळलेला धातू घ्यायचं भांडं) नीट तापवून सुकवल्याशिवाय त्यात मेटल घ्यायचं नाही. मेटलवर वरून चार थेंब पडले तर बहुतेकदा चर्र करून उडून जातात (म्हणून मुद्दाम टाकू नका बाबांनो), पण तेच पाणी मेटलच्या खाली सापडलं तर वाफेला बाहेर पडायला वाटच नसते, मग ती मेटल घेऊनच वर येते.

खोल समुद्रात उलटं होतं. वरच्या पाण्याचा दाब एवढा असतो की वाफेला फुगताच येत नाही, लाव्हा गपगुमान गोल गोल थिजतो, त्याला पिलो लाव्हा म्हणतात. असा पिलो लाव्हा आपल्या मुंबईच्या खडकांतही आहे, म्हणजे डेक्कन ट्रॅपच्या, दख्खनचं पठार ज्या लाव्हाने बनलं त्याच्या, काळात तिथे लाव्हा पाण्यात उतरला होता, पण तिथलं पाणी उथळ असावं, त्यामुळे खोली हे काही एकमेव कारण नाही.

माझं आवडतं उदाहरण मात्र आइसलंडजवळचं सुर्त्से हे ज्वालामुखी बेट. नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून वर आलं, काही महिने काळ्या राखेचे फवारे चालूच, कारण समुद्राचं पाणी सारखं तोंडात घुसत होतं. एप्रिल १९६४ पर्यंत बेट एवढं वाढलं की पाणी तोंडापर्यंत पोचेनासं झालं, स्फोट थांबले आणि लाव्हा निवांत वाहायला लागला. नुसती राख असती तर लाटांनी केव्हाच धुऊन नेली असती, त्या लाव्हाच्या कवचामुळे बेट अजून उभं आहे.