तुम्ही विचारलंत म्हणून: हाताने चालवला की चालतो, मग रात्री का पडतो?

माझ्याकडे येणारा हा प्रश्न दर वेळी शब्द बदलून येतो, पण असतो एकच. "क्लाउडवरचा रात्रीचा जॉब आठवड्यातून दोन-तीनदा फेल होतो. सकाळी हाताने चालवला की व्यवस्थित पूर्ण होतो. कोडमध्ये काहीच बदललेलं नाही. बघायचं तरी कुठे?" (जॉब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम.) विचारणारा बहुतेक वेळा रात्री-अपरात्री अलर्टने उठून दमलेला असतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

"हाताने चालवला की चालतो" हे वाक्य लोक दिलासा मिळाल्यासारखं सांगतात. मला मात्र त्यातच सगळा तपास दिसतो. हाताने चालवता तेव्हा लॉगिन तुमचं असतं आणि परवानग्याही तुमच्याच. वेळ सकाळची, शेजारी इतर जॉबची गर्दी नाही. रात्रीच्या अर्धवट फेरीने बनवलेल्या फाइल्स आयत्या पडलेल्या असतात. म्हणजे सकाळी चालला तो रात्रीचा जॉब नव्हेच. कोड तेवढा तोच, बाकी सगळं वेगळं. त्या वेगळेपणातच कुठेतरी कारण असतं, आणि रीरनचं, म्हणजे पुन्हा चालवण्याचं, बटण दाबलं की त्याच्या खुणा पुसायला सुरुवात होते.

एक प्रसंग सांगते, कारण माझी कामाची पद्धत त्यानंतर बदलली. दिवसभराचे व्यवहार गोळा करायचे, ताळा लावायचा आणि दर काही मिनिटांनी एकेक तुकडा स्टोरेजमध्ये टाकायचा, असा एक जॉब होता. सुरू व्हायचा रात्री २ वाजता. काही रात्री पडायचा, आणि लॉगमध्ये शेवटची ओळ ४०३, परवानगी नाकारली. साहजिकच सगळे परवानग्यांच्या मागे लागले. दोन आठवडे पॉलिसी तपासून झाल्या, एक-दोन परवानग्या गरजेपेक्षा सैलही केल्या गेल्या. जॉब पडायचा तो पडतच राहिला. मग कुणीतरी तीन रीट्राय (पडला की आपोआप पुन्हा प्रयत्न) लावले. अलर्ट थांबले आणि विषय मागे पडला. फक्त काही दिवस सकाळचा रिपोर्ट उशिरा यायचा.

तो उशीर का, हे शोधताना मी जुनी नोंद काढली आणि कागदावर दोन रकाने केले: सुरू झाल्याची वेळ आणि पडल्याची वेळ. पडल्याच्या वेळा होत्या ३:०१, ३:००, ३:०२, पुन्हा ३:०१. कुठल्याही रात्री पावणेतीनला किंवा सव्वातीनला नाही. सुरुवातीपासून बरोबर एक तास. जॉब सुरू होताना टोकन (ओळख पटवणारा तात्पुरता पास) एकदाच घेत होता, एका व्हेरिएबलमध्ये ठेवत होता, आणि त्या टोकनची मुदत होती एक तास. एरवी काम पन्नास मिनिटांत उरकायचं. व्यवहार जास्त झालेल्या रात्री तास उलटायचा, आणि त्यानंतरचा पहिला तुकडा टाकताना दार बंद मिळायचं. रीट्राय झाला की नवी प्रोसेस, नवं टोकन, झालेले तुकडे वगळून उरलेलं काम वीस मिनिटांत. सकाळी हाताने चालवतानाही हेच घडायचं. परवानगीत चूक नव्हतीच. टोकन एकदाच घेऊन ठेवण्याऐवजी क्लायंट लायब्ररीला (स्टोरेजशी बोलणाऱ्या तयार कोडला) वेळोवेळी ताजं घेऊ दिलं, आणि सैल केलेल्या परवानग्या पुन्हा आवळल्या.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न "एरर काय आली" हा नसतो. "किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता पडला" हा असतो. सुरू होताच दोन-तीन सेकंदांत पडत असेल तर एन्व्हायर्नमेंट (जॉबला मिळणारी सेटिंग्ज) किंवा सीक्रेट (पासवर्ड, की) बघा. क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) तुमच्या टर्मिनलचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, मिळत नाही, त्यामुळे तुमच्याकडे सापडणारी कमांड त्याला सापडत नाही. ठरावीक कालावधीनंतरच पडत असेल तर मुदत किंवा टाइमआउट. एडब्ल्यूएस लॅम्डा या छोटी कामं चालवणाऱ्या क्लाउड सेवेची कमाल मर्यादा १५ मिनिटं आहे आणि ती वाढवून मिळत नाही. डेटाबरोबर काम वाढत गेलं की एक दिवस तो जॉब या भिंतीवर आदळणारच. वेळ रोज वेगळी पण एक्झिट कोड (प्रोसेस संपताना मिळणारा आकडा) १३७ असेल, तर प्रोसेस बाहेरून मारली गेली आहे (१२८ अधिक सिग्नल ९, म्हणजे जबरदस्तीने बंद करण्याचा आदेश), आणि कंटेनरमध्ये (ठरावीक मेमरी दिलेल्या बंदिस्त जागेत) याचं नेहमीचं कारण मेमरी संपणं.

वर्षातून दोनदाच गडबड होत असेल, तर डेलाइट सेव्हिंग (काही देशांत ऋतूप्रमाणे घड्याळ बदलण्याची पद्धत) बघा. घड्याळ एक तास पुढे जातं त्या रात्री मधला तास येतच नाही, मागे येतं त्या रात्री एक तास दोनदा येतो, आणि त्या तासात बसवलेला जॉब वगळला तरी जातो किंवा दोनदा चालतो. वेळापत्रक यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, जी बदलत नाही) लावलं की हा प्रश्न मिटतो.

बरोबर तासाच्या ठोक्यालाच पडणाऱ्या जॉबचं कारण पुष्कळदा गर्दी असतं. सगळ्यांनीच ० मिनिट लिहिलेलं असतं आणि डेटाबेसची कनेक्शन्स एकदम संपतात. गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेच्या शेड्युल्ड वर्कफ्लोंना (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांना) तर तासाच्या सुरुवातीला उशीर होऊ शकतो, हे त्यांच्याच दस्तऐवजात लिहिलं आहे. २:०० ऐवजी २:१७ लिहून बघा.

कुबरनेटिसबद्दल (कंटेनर चालवणारी यंत्रणा) दोन गोष्टी. तिच्या क्रॉनजॉबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळच्या जॉबमध्ये, आधीची फेरी संपलेली नसतानाही दुसरी सुरू होऊ देणं हेच डिफॉल्ट आहे. एकच फाइल लिहिणाऱ्या जॉबला ते घातक आहे, त्यामुळे तिथे फॉरबिड (दुसरी फेरी रोखणारा पर्याय) लावा. दुसरी गोष्ट, फेल झालेल्या जॉबपैकी डिफॉल्टने एकच जपला जातो. आज रात्री पुन्हा पडला की कालचा पुरावा गेला. लॉग आधीच बाहेर कुठेतरी पाठवलेले नसतील, तर तुमच्या हातात काही उरत नाही.

रीट्रायला माझा विरोध नाही. नेटवर्क क्षणभर तुटतं तेव्हा तोच योग्य इलाज आहे. पण कितव्या प्रयत्नात जॉब पास झाला ही संख्या डॅशबोर्डवर दिसलीच पाहिजे, आणि तोच जॉब दोनदा चालला तरी हिशेब दोनदा लागता कामा नये. क्लाउडवरचे अनेक शेड्युलर (जॉब वेळेवर सुरू करणाऱ्या सेवा) "किमान एकदा" चालवण्याचीच हमी देतात, "एकदाच" चालवण्याची नाही.

इथवर पडणाऱ्या जॉबचं झालं. मला जास्त काळजी वाटते ती न पडणाऱ्यांची. बॅशमध्ये (कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये) डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, थेट गझिप या फाइल लहान करणाऱ्या कमांडकडे पाठवणारी ओळ घ्या. अशा एकामागून एक जोडलेल्या कमांडच्या पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरतो. डंप फसला, गझिपने रिकामी फाइल नीट बांधली, आणि जॉब हिरवा. पाइपफेल हा, मधली कमांड फसली तरी पाइपलाइन फेल ठरवणारा, पर्याय चालू केला नसेल, तर महिनोन्महिने हिरवाच राहील. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवेच्या मुख्य डेटाबेसमधला डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप काढायला गेले तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप जॉब फेल होत होता. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता, डंपचं टूल मात्र ९.२ चं चालत होतं. क्रॉन फेल झाल्याच्या मेल पाठवत होता, पण त्या डीमार्कच्या (मेल खरी आहे का बघणाऱ्या) तपासणीत नाकारल्या जाऊन कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. दुसरीकडे एक जुना स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) होता म्हणून नुकसान साधारण सहा तासांच्या डेटावर थांबलं. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

म्हणून अलर्ट "फेल झाला तर" एवढ्यावर थांबवू नका. जॉबने शेवटच्या पायरीनंतर एक खूण पाठवायची, आणि रोजच्या जॉबची ती खूण २६ तासांत आली नाही तर अलर्ट वाजायचा. शेड्युलच बंद पडलं असेल तर फक्त हाच अलर्ट वाजतो, कारण न चालणारा जॉब एरर देऊ शकत नाही. शिवाय तयार झालेल्या फाइलचा आकारही बघायचा. काल चार जीबी होती आणि आज वीस बाइट, तर तो जॉब फेलच समजायचा.

आता तुमच्या जॉबचं. आज रात्री पडला तर लगेच रीरन करू नका. काम अडत असेल तर करा, पण त्याआधी लॉग, एक्झिट कोड आणि अर्धवट फाइल्सची यादी बाजूला ठेवा. मागच्या ३० रात्रींच्या सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा काढा, पास झालेल्या रात्रींच्याही. ते दोन रकाने घेऊन या, आपण सोबत बसून बघू.