आमची वाटचाल: साजातला भुंगा पोलादावर

आज आम्ही घडीच्या चाकूंवर सोन्याची नक्षी कोरतो, पण आमच्या घरात आधी चाकू नव्हते, ठसे होते. कोल्हापुरात गुजरीमागच्या बोळात वडील सराफांसाठी ठसे कोरायचे. गळ्यातल्या कोल्हापुरी साजातला मासा, कासव, शंख, चंद्र, भुंगा सोन्याच्या पत्र्यावर उठतो तो या ठशांमुळे. नक्षी पोलादात उलटी आणि खोल कोरायची, सगळं लक्ष त्या उलट्यात. साज कुठल्या पेढीचा हे बायका अभिमानाने सांगतात. ठसा कुणी कोरला हे आजवर कुणी विचारलेलं नाही. वडिलांना ते लागायचं आणि मलाही लागतं.

गुजरीतल्याच एका सराफांचा पुतण्या अमेरिकेत नोकरीला. त्याच्या ओळखीचा एक चाकूकार घडीचे चाकू एकेक करून हाताने बनवायचा आणि नक्षीसाठी माणूस शोधत होता. पुतण्याने सुट्टीत येताना बोल्स्टरची, म्हणजे पात्याच्या सांध्याशी मुठीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या धातूच्या तुकड्यांची, एक जोडी आणली. ४१६ स्टेनलेस, बोटाच्या पेराएवढी. मी सरळ वडिलांच्या डब्यातला भुंग्याचा ठसा काढला, त्यावरून उतरवून घेतला आणि कोरला. हे पोलाद ठशाच्या पोलादापुढे मऊच, कलम (कोरायचं हत्यार) छान घेतं. (३०४ स्टेनलेसचं काम कुणी आणलं तर घेऊ नका. ते कलमाखाली कडक होत जातं.) जोडी परत गेली आणि तीन आठवड्यांनी सहा जोड्या आल्या, सोबत निम्मे पैसे आगाऊ.

त्या सहा जोड्यांत मी पहिली मोठी चूक केली. सोन्याची तार भरताना बोल्स्टर नुसत्या लाखेवर बसवून ठोकले. वरून काम सुरेख दिसत होतं, पण ठोक्यांनी बोल्स्टर केसभर वाकले होते. तिकडे चाकू जुळवला तेव्हा पातं मधोमध बसेना, एका बाजूला घासायला लागलं. दागिन्यात एवढा फरक कुणाला कळतही नाही, घडीच्या चाकूत दहावा हिस्सा मिलिमीटर चुकला की सगळा चाकू वाया. चाकूकाराने एकही वाकडा शब्द काढला नाही. त्याने खाली घ्यायला पोलादाचा एक ठोकळा पाठवला, बोल्स्टरच्या नेमक्या आकाराचा खाचा कोरलेला. तो आजही माझ्या बाकावर आहे.

तारकामाबद्दल थोडं सांगतो, कारण हल्ली कशालाही तारकाम म्हणतात. खाच साधारण ०.३ मिमी खोल. मग चपट्या कलमाने दोन्ही भिंती बुडाशी आतून कापायच्या, म्हणजे खाच तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद. तळाला टोचे मारायचे. मग २४ कॅरटची तार तापवून मऊ करायची, खाचेत बसवायची आणि पितळी पंचाने ठोकत जायचं. सोनं खाली पसरून भिंतीच्या आत शिरतं आणि अडकतं. डाक (झाळण) नाही, गोंद नाही. वर उरलेलं कानशीने आणि दगडाने सपाट करायचं. सराफ २२ कॅरटची तार देतात आणि फरक पडत नाही म्हणतात. पडतो. ती खाचेत वाहत नाही, कडेला उभी राहते आणि दोन वर्षांत उचकटते. उदयपूरकडच्या कोफ्तगरीत पृष्ठभागावर बारीक जाळी ओरखडून त्यावर तार दाबतात. ते काम देखणं असतं, तलवारीच्या मुठीला शोभतं. पण रोज खिशात किल्ल्यांबरोबर घासणाऱ्या चाकूला खोल तारच हवी.

पात्यावर सोनं का घालत नाही, असं नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं. सोनं १०६४ अंशांना वितळतं आणि स्टेनलेस पात्याची कडक करायची भट्टी त्याच्याच आसपास असते. आधी घातलं तर राहत नाही, नंतर पोलाद कलमाला दाद देत नाही.

खडे बसवायला मला शिकवलं शेजारच्या कुंदनकाकांनी. ते बंगालमधून आलेले, जडावाच्या कामातले. पोलाद खड्यावर दुमडत नाही, हे मी चार माणकं फोडून शिकलो होतो. काका म्हणाले, "पोलादात भोक पाड, त्यात सोन्याचं घर बसव, खडा त्या घरात ठेव, आणि मग कुंदन दाब." शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या थंड असतानाच दाबल्या की एकजीव होतात. मोगली खंजिरांच्या जेडच्या मुठींवर खडे याच रीतीने बसलेत. अंगठ्याने पातं उघडायच्या खुंटावर आम्ही माणिक बसवतो ते असंच. पाचू तिथे घेऊ नका, अंगठ्याचे धक्के त्याला सोसत नाहीत. ज्यांच्याकडे पाचूचा चाकू आहे त्यांनी तो सोनाराच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुवायला देऊ नये, खड्यातलं तेल निघून जातं.

नंतरची काही वर्षं कामात गेली.

२०१२ साली मुंबईचा एक व्यापारी आला. गोड बोलणारा, नाव घेत नाही. अठरा जोड्यांची ऑर्डर, सगळ्यांवर साजाची पानं (मासा, भुंगा अशी साजातली पदकं), एक पंचमांश आगाऊ. सोनं तेव्हा दहा ग्रॅमला तीस हजारांवर गेलेलं. ०.४ मिमीची एक मीटर तार म्हणजे जवळजवळ अडीच ग्रॅम, आणि साजाची चार पानं एका जोडीवर काढली की एवढी तार सहज लागते. सोनं उधारीवर उचललं. सात महिने दुसरं काम घेतलं नाही. माल गेला. दीड महिन्याने पाच जोड्या परत आल्या, "पार्टीला पसंत नाही". तेरा तिकडेच राहिल्या. नंतर फोन उचलायचं बंद झालं.

सराफांचं देणं डोक्यावर. मायक्रोस्कोप विकला. जीआरएस या अमेरिकी कंपनीचं हवेवर चालणारं कलम दोन वर्षं पैसे साठवून कॅन्सासहून मागवलेलं, तेही विकलं. आठ महिने मी लग्नसराईतल्या भांड्यांवर नावं घातली. ते काम हलकं नाही आणि त्याने आमचं घर चाललं. पण संध्याकाळी वडील काही न बोलता त्यांची जुनी हातोडी माझ्यापुढे ठेवायचे, आणि मी तासभर तरी पोलादावर बसायचो.

त्याच सुमारास आमच्या चाकूकाराने कुठूनसा विकत घेतलेला एक चाकू पाठवला. चिठ्ठीत एकच प्रश्न होता: हे तुमचं आहे का? भिंगाखाली धरला. प्रत्येक रेघ सारख्याच खोलीची, कडा जळाल्यासारख्या. लेसर. सोनं म्हणजे नुसता मुलामा, एखाद्या मायक्रॉनचा, आमच्या तारेच्या तीनशेव्या हिश्शाइतका. आणि भुंग्याच्या डाव्या पंखावर तीन रेघा, उजव्यावर चार. वडिलांच्या ठशात तरुणपणी ती एक रेघ राहून गेली होती. मी त्यांच्या मानासाठी तशीच ठेवत आलो. ही चूक दुसऱ्या कुणाच्या भुंग्यात असायचं कारणच नाही.

त्या व्यापाऱ्याला एका लग्नात गाठलं. तो म्हणाला, "शेठ, साज काय तुमच्या एकट्याचा आहे का?" साज सगळ्यांचा आहे. ती राहिलेली रेघ आमची आहे. हे मला तिथे सुचलं असतं तर त्याला बोललो असतो, सुचलं ते घरी आल्यावर. वकिलाकडे गेलो, पण चिठ्ठ्या, सह्या, काहीच नव्हतं. नवीन मुलांनो, निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय सोनं उचलू नका, आणि कागदावरचं चित्र गिऱ्हाइकाला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. हवेचं कलम घ्यायची घाईही नको. आधी वर्षभर कलमाला धार लावायला शिका. धार चुकली की मशीन फक्त चूक लवकर करतं.

आम्हाला उभं केलं ते त्या चाकूकाराने. वर्षभराच्या कामाचे पैसे त्याने एकदम पाठवले आणि तारीख विचारली नाही. शिवाय त्याच्या प्रत्येक चाकूसोबत जो कागद जातो त्यावर पातं, पोलाद आणि मुठीच्या खाली एक ओळ वाढवली: कोरीव काम आणि सोनं, कोल्हापूर, आणि पुढे आमचं आडनाव. वडिलांनी चष्मा लावून तो कागद वाचला, घडी घातली आणि ठशांच्या डब्यात ठेवला.

आता मायक्रोस्कोप परत आलाय, थोरला मुलगा बाकावर बसतो. व्यापाऱ्याच्या तेरा जोड्यांचं येणं वहीत तसंच आहे, दर पाडव्याला नव्या वहीवर उतरवून घेतो. सध्या हातात टायटॅनियमची मूठ आहे, हट्टी धातू, दर थोड्या वेळाने कलम बोथट करतो. तिच्यावर साजातला नाग काढतोय. डोळ्याला दीड मिलिमीटरचं माणिक आहे, घर पाडून झालंय. कुंदनकाकांचा मुलगा गुरुवारी पट्ट्या घेऊन येणार आहे.