पुरासाठी ठेवलेले फूड बार मे महिन्यात खराब होतात

पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता किती पावसाळ्यांत तुटला याची मोजदाद नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं वेढली. अशा वेळी सरपण ओलं असतं, घरात तांदूळ असूनही शिजवता येत नाही. म्हणून न शिजवता खायचे आपत्कालीन फूड बार घरात असावेत. पण आपल्याकडे त्यांचं खरं नुकसान करतो तो उन्हाळा.

या बारमध्ये मुख्यतः गव्हाचं पीठ, वनस्पती तेल आणि साखर असते. पाण्याचा अंश फार कमी, त्यामुळे बंद पाकिटात बुरशी धरत नाही. बिघडतं ते तेल. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की टिकण्याचा काळ निम्म्यावर येतो. २५ अंशांना ५ वर्षं टिकणारा माल सतत ३५ अंशांत अडीच वर्षं टिकेल, ४५ मध्ये जेमतेम सव्वा. कडक ऊन बारा महिने नसतं हे खरं, तरी टिनाच्या घरात छापील ५ वर्षांची ३ च धरावीत.

मागवायचे तर हिवाळ्यात. मे महिन्यात कुरिअरच्या गोदामात आणि गाडीत पाकीट किती तापलं हे कळायला मार्ग नसतो. हातात आल्यावर दाबून पाहा: पाकीट विटेसारखं घट्ट हवं. सैल लागलं तर कुठेतरी बारीक छिद्र पडून हवा शिरली आहे, परत करा. निर्मितीची तारीख, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक आणि घटक वाचा. घरात कुणाला सोया किंवा शेंगदाणा सोसत नसेल तर हे वाचणं टाळूच नका. जिममधले प्रोटीन बार या कामाचे नाहीत. त्यांची मुदत कमी, वरचं चॉकलेट आपल्या उन्हात वितळतं, आणि जास्त प्रोटीन पचवायला शरीराला पाणी जास्त लागतं, जे पुरात आधीच तोलून प्यावं लागतं.

आता ठेवायचं कुठे? उन्हासाठी जागा खालची हवी, पुरासाठी वरची. एकच जागा दोन्ही साधत नाही, म्हणून वर्षातून दोनदा हलवा. होळीपासून मृगापर्यंत माजघरात, पश्चिमेची भिंत सोडून, जमिनीपासून हातभर उंच फळीवर. मृग लागून पहिला पाऊस पडला, पत्रे निवले, की माळ्यावर. घर सखल भागात असेल तर पावसाची वाट न पाहता ७ जूनच्या सुमारास हलवा. हलवतानाच प्रत्येक पाकीट दाबून, तारीख पाहून घ्या.

डबा पत्र्याचा किंवा स्टीलचा, घट्ट झाकणाचा. प्लास्टिकचा ड्रम उंदीर कुरतडतात. तेलाचा १५ किलोचा पिपा चालतो, पण सोडा टाकून गरम पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा; आत राहिलेल्या तेलाला मुंग्या लागतात. फवारणीचं औषध, युरिया, रॉकेल, डांबर गोळ्या असतील त्या खोलीत डबा ठेवू नका. गव्हात टाकायच्या विषारी गोळ्यांपासून तर लांबच, त्यांचा वायू जीवघेणा असतो.

किती घ्यायचे? ३,६०० कॅलरीचं पाकीट साधारणपणे एका माणसाला ३ दिवस धरतात, म्हणजे दिवसाला १,२००. हा हिशोब बसून राहण्याचा आहे. सामान उपसायचं, गुरं हलवायची तर एवढ्यात भागत नाही, तिथे दुप्पट धरा. ५ माणसांच्या घराला ३ दिवसांची किमान ५ पाकिटं आणि माणशी रोज ३ लिटरप्रमाणे ४५ लिटर पिण्याचं पाणी. पाण्याशिवाय कोरडा बार घशाखाली उतरत नाही.

सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला फक्त आईचं दूध. त्यापुढच्या लहानग्यांसाठी बार चुरून, उकळून निवलेल्या पाण्यात कालवून पेज करा. साखरेचा आजार असलेल्यांसाठी फुटाणे वेगळे भरून ठेवा, आणि गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी वेळी डोस कसा बदलायचा हे डॉक्टरांना पावसाआधीच विचारून ठेवावं. पाकीट फोडलं की पावसाळी हवेत बार ओल धरतो, म्हणून उरलेला लगेच झाकणाच्या डब्यात टाकून दोन-तीन दिवसांत संपवा. खवट वास आला तर भुकेपोटीही खाऊ नका, पोट बिघडून पाणी जास्त जातं. तुम्ही धरलेली मुदत (टिनाच्या घरात ३ वर्षं) संपायला वर्ष उरलं की पाकीट शेतावरच्या न्याहारीला काढा आणि त्याच हिवाळ्यात नवीन आणा.