देवीचं सगळं करा, पण लेकराला उपाशी ठेवू नका

ज्वारीची काढणी सुरू झाली की आमच्या परभणी जिल्ह्यातल्या अंगणवाडीत कांजण्यांचं एखादं तरी लेकरू सापडतंच. आई पहाटेच रानात गेलेली, लेकरू आजीच्या हातून तयार होऊन येतं आणि पाठीवरचं पुरळ ‘ऊन लागलं असंल’ म्हणून सुटून जातं. म्हणून लेकरू मलूल दिसलं की मी आधी सदरा वर करून छाती-पाठ बघते, मग केसांत बोटं फिरवते.

घामोळ्या साधारण सारख्याच दिसतात, गळ्याशी अन् काखेत दाटतात. कांजण्यांत मात्र एकाच पाठीवर इथं लाल ठिपका, तिथं तांबूस डागावर दवाच्या थेंबासारखा पाण्याचा फोड, शेजारी वाळत आलेली खपली, असं सगळं एकदम दिसतं, कारण तीन-चार दिवस नवे फोड येतच राहतात. सोबत ताप आणि जीव नकोसा करणारी खाज. टाळूवर, तोंडाच्या आतही फोड येतात.

यंदा एका आजीनं मला दारातच थांबवलं. “बाई, आत नका येऊ, देवी आल्यात.” चौकटीला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, पाहुणा बंद. पाहुणा बंद हे तर फारच चांगलं. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत ही लागण पसरते. तोवर लेकरू अंगणवाडीत पाठवायचंच नाही. आजीची भीतीही मला कळते. तिच्या पिढीनं खरी देवी बघितली, गेलेली लेकरं बघितली. पण तो रोग वेगळा होता, १९७५ नंतर आपल्या देशात त्याचा रुग्ण सापडलेला नाही. इथं मात्र लेकरू तापानं फणफणलेलं, अंघोळ नाही, औषध नाही, पोटात धड काही नाही. मी म्हणाले, “आजी, डहाळा राहू द्या, नैवेद्य दाखवा. पण त्याला अंघोळ घाला अन् जेवू घाला.”

कोमट पाण्यानं अंघोळ, अंग न घासता टिपून घ्यायचं, सैल सुती कपडे. नखं अगदी मुळाशी कापायची. खाजवून फोड फुटला की त्यात पू होतो आणि वण राहतो. खाजेवर कॅलामाईन लोशन. तोंड आलं असेल तर ज्वारीच्या कण्या, मऊ वरणभात, ताक, आणि पाणी पुन्हा पुन्हा. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन अजिबात नाही, त्यानं यकृत आणि मेंदूला धोका होऊ शकतो. आयबुप्रोफेनही टाळायचं, म्हणून मेडिकलमधून तापाची बाटली घेताना तिच्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

लेकरू गुंगीत राहिलं, चालताना तोल जायला लागला, धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या, ताप चार दिवसांच्या पुढं गेला किंवा फोडाभोवती लाल, गरम सूज आली तर थेट दवाखाना गाठा. तान्हं बाळ असेल तर पहिल्या फोडालाच.

त्याच घरात धाकटी सून गरोदर होती. तिला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का, हे कुणालाच सांगता येईना. मी तिथंच तिला माहेरी फोन लावायला लावला. आई म्हणाली, “झाल्या होत्या की, शाळेत असताना.” तेव्हा मला हायसं वाटलं. झालेल्या नसतील तर गरोदर बाईनं फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं. आईला न्यूमोनिया होऊ शकतो, पोटातल्या बाळालाही धोका असतो.

कांजण्यांची लस आहे, पण सरकारी मोफत लसीकरणात ती नाही, खासगीत विकत घ्यावी लागते. पहिला डोस साधारण १५ महिन्यांचं झाल्यावर, दुसरा त्यानंतर किमान तीन महिन्यांनी. घरात एकाला फोड आले आणि दुसऱ्या भावंडाला लस दिलेली नसेल, तर तीन ते पाच दिवसांच्या आत दिली तरी उपयोग होतो. आमच्याकडे मजुरीवर जाणाऱ्या घराला तो खर्च झेपत नाही. ती लस सरकारी यादीत यावी, असं मला मनापासून वाटतं.