दुप्पटीची वही

आज बांद्याच्या टपरीवर पणजीच्या कॅसिनोसाठीची ‘हमखास’ वही बघितली. ब्लॅकजॅकमध्ये (पत्त्यांचा 21 चा खेळ) हरलात की दुप्पट लावा, जिंकलात की परत 100. आता मांडा: 100, 200, 400, 800, 1600, 3200. सलग सहा डाव गेले की 6300 साफ, सातव्याला 6400 हवेत. टेबलावर एका डावाला लावायची मर्यादा 5000 असली तर तिथेच वही मिटली! एवढं करून डाव आला तर नफा किती? 100.

बरोबरीचे डाव सोडून हरण्याची शक्यता 53-54 टक्के, म्हणजे सलग सहा हार साधारण 42 त एकदा. एका रात्रीत त्याहून जास्त डाव होतात, बाबांनो.

त्यापेक्षा ब्लॅकजॅकला (पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा किमतीचं पान) 3 ला 2 देतात की 6 ला 5, ते बघा. 100 वर 150 च्या जागी 120. वहीत त्याचा उल्लेखच नाही.